शकुंतला, पी. जे. आणि वेल्समधली एक छोटी गाडी

बाहेरगावी आपण गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "धामणगाव म्हणजे धामणगाव रेल्वे का?" मग सांगावं लागतं, "ते अमरावती जिल्ह्यातलं. आमचं धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा." आपल्या गावाला रेल्वे कधी आलीच नाही. तरी आपल्या भागाचा रेल्वेचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या डोळ्यांदेखत पुसला जातो आहे. गुरुजनांना आणि वर्गमित्रांना त्याची आठवण करून द्यावी, म्हणून हा लेख.

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. भुसावळहून मलकापूर, अकोला, बडनेरामार्गे जाणारा मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगावची कापसाची बाजारपेठ मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिली. म्हणून जलंब ते खामगाव अशी सुमारे १३ किलोमीटरची शाखा टाकली गेली. १८७० मध्ये तिच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाचं वजन कळतं.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि अडीच फुटी नॅरोगेजचे फाटे टाकले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, हीच आपली लाडकी 'शकुंतला'. अचलपूरची गाडी पूर्णा ओलांडून पायनघाटाच्या काळ्या मातीतून सातपुड्याच्या पायथ्याशी जायची. त्याच कंपनीची तिसरी लेक आपल्या शेजारची. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची 'पी. जे.' शेंदुर्णी, पहूर करत जायची.

१९५१ च्या सुमारास देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या, पण शकुंतलेचा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि रूळ कंपनीचे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. नंतर डिझेल आलं, पण रूळ जुनेच राहिले आणि वेग घटत गेला. २०१० नंतरच्या दशकात एकेक भाग बंद पडला. पी. जे. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.

आता थोडं दूर जाऊ. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात टॅलिलिन नावाची अशीच एक चिमुकली रेल्वे आहे. डोंगरातल्या खाणीतला पाटीचा दगड खोऱ्यातून समुद्राकाठी आणायला ती १८६५ च्या सुमारास बांधली गेली. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा तिला कुणी मोजलंच नाही. खाण त्याआधीच बंद पडली होती. १९५० मध्ये मालक वारले तेव्हा रूळ गवतात बुडालेले होते आणि चालण्याजोगं इंजिन एकच उरलं होतं. टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली, मालकाच्या पत्नीने शेअर संस्थेच्या हवाली केले आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांनी गाडी सोडली. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती. तिचं गेज तेच होतं, म्हणून तिची दोन इंजिनं विकत आणली. नोकरदार माणसं सुट्टीत येऊन स्लीपर बदलत, तिकिटं फाडत. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ही पहिली रेल्वे. २०२१ मध्ये तिथल्या दगडखाणींच्या परिसराबरोबर ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेली.

दोन्हीकडे गोष्ट सारखीच सुरू होते. राष्ट्रीयीकरणातून दोन्ही सुटल्या. पण तिकडे मालकी एका घराची होती, ती सरळ गावकऱ्यांसारख्या माणसांच्या हाती आली. इकडे मालक एक, चालवणारा दुसरा आणि प्रवासी तिसरा. अचलपूर भागातल्या लोकांनी शकुंतलेसाठी सत्याग्रह केले, पण त्यांच्या हाती रूळ नव्हते. कायद्याने स्वयंसेवकाला रुळाला हातही लावता येत नाही.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. टॅलिलिनचं काम संपलं होतं, म्हणून ती हौसेची गाडी झाली. शकुंतलेचं काम संपलेलं नाही. तिच्यात मजूर, शाळकरी पोरं आणि भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया बसायच्या. उद्या ती फक्त पर्यटकांची झाली, तर ते तिकीट या लोकांना परवडायचं नाही. म्हणून ब्रॉडगेजची मागणी आधी, वारसा नंतर, असं माझं मत आहे. पी. जे. चं रुंदीकरण आणि बोदवडपर्यंतचा विस्तार, मिळून ८४ किलोमीटर, हे आपल्याही सोयीचंच आहे. त्याला विरोध करण्यात शहाणपण नाही.

पण नवे रूळ पडताना जुनं सगळं भंगारात जाऊ नये. एखादं लहान स्टेशन, चार डबे, हाताने ओढायचा सिग्नल आणि मैलभर जुनी वाट राखून ठेवायला फार पैसा लागत नाही, आधी ठरवावं लागतं. टॅलिलिनवरून घेण्यासारखं एवढंच, की लोकांनी मागितलं तेव्हा ती वाचली.

आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक जामनेर, पहूर, शेंदुर्णीकडची आहे. तिकडच्या थोरल्यांना पी. जे. बद्दल विचारा, मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. कुणाच्या पेटीत पुठ्ठ्याचं जुनं तिकीट असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा स्टेशनवरचा फोटो असेल, तर त्याची प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्या. या स्वयंसेवेला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ज्यांना ती गाडी आठवते ती माणसं अजून आपल्यात आहेत.