‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे पक्का भाव नव्हे

द्राक्ष, डाळिंब घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या मेसेजमध्ये ‘बॉलपार्क फिगर’ आलं की भाव ठरला असं धरू नये. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान, पण इथं अर्थ नुसता अंदाजी आकडा. आपल्याकडं अंदाजपंचे म्हणतात तसंच. तेवढ्यावर माल तोडायला घेऊ नये, पक्का दर वेगळा लिहून मागावा. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे छान छपाई नाही, तर करारात बारीक अक्षरात दिलेल्या अटी. घोळ बहुतेक तिथंच असतो, म्हणून सही त्या वाचून घेतल्यावरच. ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात. पूर्वी वहीत तुटीचे आकडे लाल शाईनं लिहीत. आणि ‘अंडर द वेदर’चा अर्थ पावसापाण्यात शोधू नये, बोलणाऱ्याला बरं वाटत नाहीये एवढंच.