गरोदरपणातील रक्तदाब : जनुके केवळ आईचीच नव्हेत

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक झाला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, अथवा यकृत वा मूत्रपिंडांवर परिणाम दिसू लागला, की त्या अवस्थेस 'प्री-एक्लॅम्पसिया' असे म्हणतात. जगभरात २ ते ८ टक्के गर्भवतींना हा विकार होतो. दुर्लक्ष झाल्यास आकडी येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

गर्भवतीच्या आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झालेला असल्यास धोका वाढतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यामुळे सुनेचा रक्तदाब वाढला की 'हे तिच्या माहेरचे दुखणे' असे म्हणून सासरची मंडळी मोकळी होतात. विज्ञान मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातील नोंदींवर आधारित एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांच्या जन्मावेळी त्यांच्या आईला हा विकार होता, त्यांच्या पत्नींनाही तो होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले.

याचे कारण वारेत दडलेले आहे. वार आईच्या गर्भाशयात वाढत असली तरी ती मुख्यत्वे बाळाच्या पेशींची बनलेली असते आणि बाळाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात. बोस्टन येथे तेव्हा कार्यरत असलेले भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवून दिले, की अशा रुग्णांच्या वारेतून एक प्रथिन प्रमाणाबाहेर रक्तात सोडले जाते. रक्तवाहिन्या निरोगी राखणारे घटक हे प्रथिन अडवून धरते. त्यामुळे आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते आणि रक्तदाब चढतो. हे प्रथिन 'एफएलटी-१' या जनुकापासून तयार होते. बाळाच्या जनुकसंचात या जनुकाजवळ असलेला फरक आईचा धोका वाढवतो, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असते. ज्या गर्भात तेरावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, त्याच्या मातेला हा विकार अधिक प्रमाणात होतो, ही जुनी नोंदही त्याच्याशी जुळते.

आईच्या जनुकांचा वाटाही आहेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात प्री-एक्लॅम्पसियाच्या २० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासून जनुकसंचातील १८ जागा निश्चित करण्यात आल्या. त्यांपैकी कित्येक जागांचा संबंध एरवीच्या रक्तदाबाशीही आहे. मात्र एकेका फरकाने धोका थोडाच वाढतो. शिवाय अभ्यासातील बहुतांश स्त्रिया युरोपीय वंशाच्या होत्या. त्यामुळे 'जनुक तपासणी करून घ्या' असा सल्ला आपल्याकडील गर्भवतींना देणे घाईचे ठरेल.

त्यापेक्षा पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना घराण्याचा इतिहास सांगणे उपयोगाचे. आपल्या आईचा आणि सासूबाईंचाही. धोका अधिक असलेल्या गर्भवतींना डॉक्टर साधारण बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेत अॅस्पिरिन देतात. २०१७ मधील एका चाचणीत दररोज १५० मिलिग्रॅम मात्रेने ३७ आठवड्यांपूर्वी उद्भवणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. हे औषध स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नये.