स्टेशनवरचा गारवा कुणाचा?

मी मूळचा लिंबागणेशचा. आमच्या बीडला पहिली रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला. मंजुरी 1995 ची, म्हणजे माझ्या जन्माआधीची! आता मे महिन्यात प्लॅटफॉर्मवर घाम पुसत उभे राहणार आपणच. म्हणून आजचा प्रश्न: रेल्वेतला गारवा आजवर कुणाच्या वाट्याला आला?

1872 च्या सुमारास जीआयपी रेल्वेनं पहिल्या वर्गाच्या डब्यांसाठी वाळ्याचे पडदे आणले. पडदा भिजवायचा, त्यातून वारा आत आला की गार. घरच्या कूलरचं तत्त्व हेच. 1934 ला मुंबईहून सुटणाऱ्या फ्रंटियर मेलमध्ये बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवली. तीही वरच्या वर्गालाच. तिसऱ्या वर्गाला खिडकी आणि उन्हाच्या झळा.

पण याच जीआयपीनं व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं, आताचं सीएसएमटी. आराखडा स्टीव्हन्स यांचा. 1878 ला काम सुरू, दहा वर्षांत पूर्ण. तिथल्या तिकीट हॉलचं छत बघा. एवढं उंच, की तापलेली हवा डोक्याच्या खूप वर राहते. तो गारवा तिकिटाचा वर्ग विचारत नाही, आणि त्याला वीजही लागत नाही.

आता थोडं गणित, बीटेक केलंय तर वापरतो! पंख्याचा वेग अर्धा केला की वीज साधारण आठवा हिस्साच लागते. म्हणून भल्यामोठ्या पात्यांचा पंखा सावकाश फिरवला, तर थोड्या विजेत भरपूर हवा हलते. असे पंखे मुंबईच्या काही स्टेशनांवर दिसतात.

मग बीडमध्येही तेच करायचं? थांबा. मुंबईची हवा दमट, तिथं वारा लागला की बरं वाटतं. आपल्याकडं चाळिशीपार गेल्यावर पंखा गरम हवाच फेकतो. हवा कोरडी, म्हणजे कूलर मस्त चालेल. पण दुष्काळी जिल्ह्यात उन्हाळ्यात त्याला पाणी कुठून आणायचं?

म्हणून सुरुवात छतापासून. तापलेला पत्रा खालच्या माणसाला थेट भाजतो, हवा कितीही हलवा. आमच्या घरी आजी पत्र्यावर पाचट पसरायला लावायची. दुपारी खाली बसवायचं तरी! स्टेशनला तेच हवंय: उष्णता अडवणारं दुहेरी छत, वरून पांढरा रंग, बाहेर लिंबाची सावली. त्यानंतर पंखे, आणि एसी सगळ्यात शेवटी.

कारण एसी एका वेटिंग रूमला पुरतो. सावली अख्ख्या प्लॅटफॉर्मला पुरते, जनरलच्या तिकिटावरसुद्धा.

भेटू पुढच्या भागात!