क्रीडासाहित्य : दोन्ही अर्थांनी

१२ जून १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावात बेसबॉलच्या कीर्तिमंदिराचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी अमेरिकी टपाल खात्याने या खेळाच्या शताब्दीनिमित्त तीन सेंटचे तिकीट काढले. १८३९ मध्ये ॲब्नर डबलडे या तरुणाने याच गावात बेसबॉल शोधून काढला, अशी त्या उत्सवामागील श्रद्धा होती. प्रत्यक्षात तसे काही घडलेच नव्हते. न घडलेल्या घटनेची शताब्दी साजरी व्हावी इतका भक्कम इतिहास रचला कोणी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही आपला वाटावा असा आहे. त्याचे उत्तर आपल्याला शिकागोतील एका क्रीडासाहित्याच्या दुकानापर्यंत नेते.

ॲल्बर्ट गुडविल स्पाल्डिंग (१८५०-१९१५) हा आपल्या काळातील अव्वल गोलंदाज. १८७६ साली तो शिकागोच्या संघात आला आणि त्याच वर्षी भावाच्या साथीने त्याने दुकान काढले. नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची संघटनाही त्याच वर्षीची. रबराचा गाभा, त्याभोवती घट्ट गुंडाळलेला लोकरीचा धागा, वर घोड्याच्या कातड्याचे शिवलेले आवरण, असा तो चेंडू. असे चेंडू तेव्हा अनेक जण बनवीत. स्पाल्डिंगने मात्र आपल्या चेंडूला एक विशेषण मिळवून दिले : ‘अधिकृत’. नॅशनल लीगचा अधिकृत चेंडू म्हणून तो १९७६ पर्यंत टिकला.

हातमोज्यांची कथा याहून बोलकी आहे. हातमोजा घालणे हे त्या काळी नाजूकपणाचे लक्षण मानले जाई. कोणी घातलाच तर लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून कातडीच्या रंगाचा. १८७७ मध्ये स्पाल्डिंगने मैदानावर चक्क काळा हातमोजा घातला. एवढ्या नामांकित खेळाडूला हसणार कोण? खेळाडूने लाज मोडली आणि दुकानदाराने माल विकला. दोघेही एकच होते.

पुढे कंपनी एकेका खेळात शिरली. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली जन्मला तेव्हा फुटबॉलच्या चेंडूनेच खेळला जात होता. त्यासाठी खास चेंडू स्पाल्डिंगने बनवला. व्हॉलीबॉलच्या जनकाला १८९५ मध्ये बास्केटबॉलचा चेंडू जड आणि त्याच्या आतला फुगा फार हलका वाटला, तेव्हा मधला मार्ग याच कारखान्याने काढला. गोल्फमध्ये कंपनीने हॅरी व्हार्डन या इंग्रज खेळाडूला १९०० साली अमेरिकेत फिरवून त्याच्या नावाचा चेंडू खपवला. पण रबरी धाग्याचा नवा चेंडू आला आणि तो लवकरच मागे पडला. दरम्यान ॲल रीच यांची कंपनी आणि जॉर्ज राइट यांची ‘राइट अँड डिट्सन’ या दोन्ही प्रतिस्पर्धी पेढ्या स्पाल्डिंगने विकत घेतल्या होत्या, मात्र त्यांची नावे तशीच ठेवली. त्यामुळे १९०१ नंतर अमेरिकन लीग ‘रीच’च्या आणि नॅशनल लीग ‘स्पाल्डिंग’च्या चेंडूने खेळत असे, आणि दोन्ही चेंडू एकाच घरचे असत.

‘साहित्य’ या शब्दाचा दुसरा अर्थ येथे सुरू होतो. कंपनी दरवर्षी बेसबॉलची मार्गदर्शिका छापत असे. १८९२ पासून निरनिराळ्या खेळांच्या नियमांची दहा सेंटची पुस्तकेही निघू लागली. नियम वाचायचे ते स्पाल्डिंगच्या पुस्तकात. त्या नियमांत बसणारा चेंडू मिळायचा तो स्पाल्डिंगच्या दुकानात. संहिता आणि वस्तू एकमेकींना प्रामाण्य देत होत्या.

या मार्गदर्शिकेचे संपादक हेन्री चॅडविक हे जन्माने इंग्रज. बेसबॉल हा इंग्लंडातील ‘राउंडर्स’ या मुलांच्या खेळातून आला, असे मत त्यांनी १९०३ साली मांडले. स्पाल्डिंगला ते रुचले नाही. १९०५ मध्ये त्याच्या पुढाकाराने ए. जी. मिल्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. तिच्या सदस्यांत रीच होते, राइट होते आणि स्पाल्डिंगची पुस्तके छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख जेम्स सलिव्हन हेही होते.

पुरावा म्हणून समितीच्या हाती लागले ते ॲब्नर ग्रेव्हज या वृद्ध खाण-अभियंत्याचे पत्र. डबलडेने खेळाचा आराखडा काढून दाखवल्याची आठवण त्यात होती. १८३९ मध्ये ग्रेव्हज पाच वर्षांचा होता आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. पुढे यादवी युद्धात सेनापती झालेल्या डबलडेने आपण खेळ शोधल्याचा दावा कधीच केला नाही. तो १८९३ मध्येच वारला होता. परंतु राष्ट्रीय खेळाचा जनक एक अमेरिकी सेनापती असावा, ही कल्पनाच मोहक होती. डिसेंबर १९०७ चा निष्कर्ष १९०८ च्या मार्गदर्शिकेत छापला गेला. म्हणजे चॅडविक यांचा पराभव त्यांच्याच पुस्तकात नोंदला गेला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

चॅडविक यांचे म्हणणे तरी संपूर्ण खरे होते का? ‘बेस-बॉल’ हे नाव जॉन न्यूबेरी यांच्या १७४४ मधील मुलांच्या पुस्तकात आहे. जेन ऑस्टेन यांच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ची नायिकाही लहानपणी हा खेळ खेळते. ‘राउंडर्स’ हे नाव छापील पुस्तकांत त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात येते. डेव्हिड ब्लॉक यांनी २००५ मध्ये या साधनांची छाननी करून दोन्ही मते अपुरी ठरवली. खेळ इंग्लंडातूनच आला, पण त्याला कोणी एक जनक नव्हता. तो गावोगावच्या मुलामुलींनी घडवला.

विटीदांडूचा कर्ता कोण, असे आपण विचारत नाही. जात्यावरच्या ओव्यांचा कर्ता शोधण्याचा हट्टही धरत नाही. लोकपरंपरेतील निर्मिती अनेकांची असते आणि म्हणूनच कोणाच्या मालकीची नसते. मालकी सांगायची तर आधी कर्ता लागतो, आणि कर्ता नसेल तर तो निर्माण करावा लागतो. स्पाल्डिंगने लबाडी केली असे म्हणणे सोपे आहे. कदाचित त्याची स्वतःचीही त्या कथेवर श्रद्धा बसली असावी. पण ज्याच्या हाती छापखाना, नियम आणि ‘अधिकृत’ हा शिक्का असतो, त्याची श्रद्धाच इतरांचा इतिहास होते.

व्हार्डनचा चेंडू गेला. नॅशनल लीगचे कंत्राट गेले. १९८३ पासून असलेला एनबीएचा अधिकृत चेंडूही २०२१ मध्ये ‘विल्सन’कडे गेला. कूपर्सटाउनचे मंदिर मात्र उभे आहे. १९३९ मध्ये तिथे सन्मानित झालेल्यांत स्पाल्डिंगचे नाव आहे. चॅडविक यांचेही आहे. त्यांची निवड एक वर्ष आधी झाली होती. डबलडेची मात्र तिथे कधीच निवड झाली नाही.