म्हणे शिक्षा नव्हे!

अमेरिकेत परदेशातून आलेला माणूस गुन्ह्यात दोषी ठरला की अनेकदा तुरुंग भोगूनही सुटत नाही. पुढे हद्दपारी उभी असते. एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा? तिथला कायदा म्हणतो, हद्दपारी ही शिक्षाच नव्हे. या उत्तराचे मूळ शोधत मी १८९३ च्या एका निकालापाशी येऊन थांबलो.

१८९२ च्या गिअरी कायद्याने चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला सक्तीचा केला. दाखला नसेल तर किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणायचा. होय, 'गोरा' हा शब्द कायद्यातच आहे! फाँग यू टिंग खटल्यातील तिघांपैकी एकाने दाखला मागितला होता. साक्षीदार सारे चिनी, म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी कायम केली. ती गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असे ठरवले. ज्याच्या माणसांची साक्षही विटाळते, त्याचे कोण ऐकणार? गावकुसाबाहेर वाढलेल्याला हे फोडून सांगायला नको.

हद्दपार करू नये अशी शिफारस करण्याचा न्यायाधीशाचा १९१७ पासूनचा अधिकार १९९० मध्ये गेला. १९९६ पासून वर्षभराची शिक्षा झालेली चोरीही 'गंभीर' गुन्ह्यात मोडते, मग ती शिक्षा तहकूब का असेना.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या, तिथे चाळीस वर्षे काढलेल्या होंडुरासच्या माणसाने, वकील 'काळजी नको' म्हणाला म्हणून गांजाच्या वाहतुकीचा गुन्हा कबूल केला. २०१० मध्ये याच पादिया खटल्यात न्यायालय म्हणाले, वकिलाने हद्दपारीचा धोका सांगायलाच हवा. मात्र काटेकोर अर्थाने ती फौजदारी शिक्षा नव्हे, हे पालुपद तेव्हाही सुटले नाही.