‘याव टोनर?’

बंगळूरच्या टाउन हॉलजवळ एस. पी. रोडला जुना प्रिंटर घेऊन गेलं, की मॉडेलचा नंबर शोधत बसायची गरज पडत नाही. काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, ‘याव टोनर?’ म्हणजे टोनर कुठला? ‘ट्वेल्व-ए’ एवढं उत्तर त्याला पुरतं. यंत्राची अर्धी कुंडली त्यातच आली.

खोक्यावरचा महिना आणि वर्ष फक्त यंत्र जोडलं केव्हा तेवढं सांगतात. एचपीचा लेझरजेट १०२० प्लस घ्या. भारतात घरोघरी, सीएंच्या ऑफिसांत, झेरॉक्सच्या दुकानांत हा वर्षानुवर्षं खपला. २०१५ साली नवा कोरा आणलेला असला, तरी मूळ १०२० बाजारात आला तो २००५ मध्ये. आणि त्यात बसणारं ट्वेल्व-ए कार्ट्रिज त्याहून जुनं, २००३ च्या लेझरजेट १०१० मालिकेबरोबर आलेलं.

शेजारच्या जुन्या पेठेतही हाच प्रकार. दुकानाची पाटी कालची, इमारत आजोबांच्या वेळची, गल्ली मात्र शहर वसवणाऱ्या केंपेगौडांची. पेठ १५३७ ची. १६३८ नंतर शहाजीराजे जहागीरदार म्हणून बंगळुरात आले, तेव्हाच तिला शंभर वर्षं होऊन गेली होती.

प्रिंटरचं वय ओळखायची दुसरी खूण त्याच्या पोटात आहे. १०२० ची मेमरी अवघी २ एमबी. वायफाय नाही, पडदा नाही. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्रॅमही तो जवळ ठेवत नाही. वीज गेली की सगळं विसरतो. पुन्हा चालू केल्यावर संगणक केबलमधून तो प्रोग्रॅम त्याला नव्यानं देतो, मग हा शुद्धीवर येतो. लिनक्स वापरणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे: त्या प्रोग्रॅमची फाइल पोचली नाही, तर दिवा लागतो पण कागद हलत नाही. शेजारी संगणक कायम हजर असणार, हे गृहीत धरून केलेली ही रचना मोबाइलवरून छपाई रूढ होण्याआधीची आहे, हे वेगळं सांगायला नको.

आणखी खाली खणलं, तर एचपीची पाटी निघते आणि कॅनन दिसू लागतं. १९८४ च्या पहिल्या लेझरजेटमध्ये कॅननचंच सीएक्स इंजिन होतं: इंचाला ३०० ठिपके, मिनिटाला ८ पानं, किंमत ३,४९५ डॉलर. टोनर आणि ड्रम एकाच डबीत कोंबून ती डबीच बदलायची, ही युक्ती कॅननने १९८२ च्या छोट्या पीसी-१० कॉपियरमध्ये आणली होती. लेझरने ड्रमवर अक्षरं उमटवायची मूळ कल्पना झेरॉक्सच्या गॅरी स्टार्कवेदरची, १९७० च्या आसपासची. एचपीच्या पाटीखाली कॅननच असल्यामुळे कॅननच्या स्वतःच्या एलबीपी २९०० चं ३०३ कार्ट्रिजही दुकानदार बिनदिक्कत ‘हेही ट्वेल्व-ए आहे’ म्हणून भरून देतो. नावं दोन, डबी एकच.

ती भरतानाही त्याचा हात थांबत नाही. बाजूचे स्क्रू सैल, खिळी बाहेर, हिरवट-निळा ड्रम उजेडापासून कापडात गुंडाळलेला, ब्लेड पुसून जागेवर, वाया गेलेली पूड पिशवीत. नवी भुकटी ओतून तो डबी दोन्ही बाजूंना हलवतो, कोऱ्या कागदावर एक चाचणी पान काढतो आणि काळी पट्टी उमटली का, हे ट्यूबलाइटसमोर धरून बघतो.