ग्रुनफेल्डच्या आधीचे महेशचंद्र

ग्रुनफेल्ड बचावाचं जन्मसाल विचारलं तर बहुतेक बुद्धिबळपटू १९२२ सांगतील. त्या वर्षी ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो स्पर्धांत उतरवला आणि व्हिएन्नात थेट अलेखाइनला हरवलं. पण या बचावाचं कूळ युरोपातलं नाही. गोंदियावरून जाणारा लोहमार्ग हावड्याला संपतो, त्याच्या नदीपलीकडच्या कोलकात्यातलं आहे. आणि सालही १८५५, म्हणजे इकडे रेल्वे पोचण्याच्या कितीतरी आधीचं.

त्या साली तिथे झालेल्या एका डावात पांढरी मोहरी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरकडे होती, काळी महेशचंद्र बॅनर्जींकडे. महेशचंद्र बंगालच्या खेड्यातले, देशी बुद्धिबळात मुरलेले. देशी पटावर प्याद्याला पहिल्या खेळीतही एकच घर मिळतं. तिथे घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून उंट मोठ्या कर्णावर बसवणं अगदी अंगवळणी पडतं. आपल्याकडच्या जुन्या पिढ्याही याच नियमाने खेळल्या. महेशचंद्रांनी ती सवय युरोपी पटावर आणली, वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून मारामारी ओढवून घेतली, पांढऱ्याला मध्य बळकावू दिला आणि मग त्याच मध्यावर दुरून मारा सुरू केला. ग्रुनफेल्डचा सगळा जीव यातच आहे.

बचाव असा धारदार की एक चूक पुरते. सतराव्या खेळीला कॉक्रेनचा घोडा राजाच्या अंगावर आला. महेशचंद्रांनी तिकडे न बघता उंट मारला. पुढच्याच खेळीला घोड्याने राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं उचललं आणि मात ठरली: घोडा-वजिराचा दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, मग वजिराचं बलिदान. हत्तीला वजीर घ्यावाच लागतो, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोडा मारतो. फार देखणा शेवट!

हरलेला डाव म्हणून बचाव खोटा ठरत नाही. एप्रिल २०१० मध्ये सोफियात जगज्जेतेपदाच्या लढतीच्या पहिल्याच डावात आनंदने हाच बचाव घेतला. प्रतिस्पर्धी टोपालोवने त्याला ३० खेळ्यांत हरवलं. जगज्जेतेपद मात्र आनंदनेच राखलं.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला. तिच्यासारखं खेळू पाहणारी मुलं गोंदियातही आहेत. त्यांना ग्रुनफेल्ड शिकवणाऱ्यांनी १८५५ चा हा डाव पटावर जरूर मांडावा, आणि महेशचंद्रांचं नाव आधी घ्यावं.